फुटाला इंच

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कबुली म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहिते आहे. दुधवाल्यानं कधी मापावर चमचाभर जास्त घातलं, तर मी आधी थेंब नखावर घेऊन बघते. वर्गात एखादं पोरगं पहिल्यांदाच गृहपाठ पूर्ण करून आलं, तर शाबासकी नंतर, आधी अक्षर कुणाचं ते तपासते. माझ्या मुली म्हणतात, आईला साडी भेट द्यायची म्हणजे पोलिसात जबानी द्यावी लागते. म्हणू देत. या स्वभावानं मला पुष्कळ वेळा वाचवलं आहे. एकदा मात्र त्यानं मला चांगलंच तोंडघशी पाडलं, आणि ते कळायलासुद्धा मला सहा वर्षं लागली. ती हकीकत एका संगणकाची आहे. म्हणजे संगणकाच्या लाकडी नमुन्याची.

पण आधी तिफणीचं सांगितलं पाहिजे.

ठाणाकुशनूरच्या अलीकडं, एसटीतून उतरून मैलभर चालत गेलं की आमचं गाव. मी लहान असताना आमचा बीदर जिल्हा नुकताच मैसूर स्टेटात गेला होता, आणि त्याच सुमाराला गावकुसाबाहेरचा आमचा वाडा बौद्ध झाला. मी सहा-सात वर्षांची असेन. देव गेले, त्यांच्या जागी एक तसबीर आली. अप्पांनी गावकीची कामं सोडली. मेलेली जनावरं ओढणार नाही, असं चावडीत जाऊन सांगून आले. त्याच वर्षी पेरणीच्या तोंडावर आमच्या तिफणीचा दांडा मोडला. अप्पा ती खांद्यावर घेऊन सुताराच्या दुकानी गेले, मी त्यांच्या मागं. आमच्या माणसांनी दुकानात शिरायचं नसे. वस्तू बाहेर ठेवायची, चार पावलं मागं सरायचं आणि वाट बघायची. तशी आम्ही बघितली. म्हातारा सुतार आत बाजेवर बसला होता. त्याचा मुलगा, तेव्हा वीसबावीस वर्षांचा असेल, बाहेर आला. त्यानं तिफणीकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि म्हणाला, "लाकूड न्हाई."

त्याच्या पाठीमागं भिंतीला बाभळीचे ओंडके माझ्या उंचीपेक्षा वर रचलेले होते. मी अप्पांचा हात ओढून ते दाखवलंसुद्धा. अप्पांनी तिफण उचलली आणि आम्ही औरादची वाट धरली. भर उन्हात पोचलो, दांडा बसवून घेतला, परत आलो. त्या दिवसापासून कुणी 'नाही' म्हणालं की मी त्याच्या पाठीमागं बघते.

पुढं शिकले, मास्तरीण झाले. मैसूर स्टेटचं कर्नाटक झालं. चार गावच्या प्राथमिक शाळा करून, बी.एस्सी., बी.एड. पदरात पाडून घेऊन मी बदलीनं आमच्याच गावच्या हायस्कूलला आले. अप्पा तोवर गेले होते. आमच्या वाड्यातली मी पहिलीच बाई, जी शाळेत झाडायला नाही, शिकवायला गेली. मला विज्ञान दिलं होतं, आठवी ते दहावी. दिलं होतं म्हणजे काय, दुसरं कुणी नव्हतं म्हणून तात्पुरतं माझ्याकडं होतं. गणिताच्या मास्तरांचा त्यावर डोळा होता. ते गावातल्याच बड्या शेतकऱ्याच्या घरचे. त्यांचं म्हणणं, गणित आणि विज्ञान एका हातात असलेलं बरं, आणि बाईंनी मुलींना शिवण शिकवावं. हेडमास्तर दोघांच्याही तोंडावर मान डोलवायचे. शेवटी त्यांनी मला एक दिवस बोलावून सांगितलं, "दसऱ्यानंतर बीदरला विज्ञान प्रदर्शन हाय. आपल्या शाळेचा नंबर आला तर विज्ञान तुमच्याकडंच. न्हाई आला तर मला मास्तरांचं ऐकावं लागतंय."

हे त्यांना कुणी सुचवलं असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

माझा एक मावसभाऊ हैदराबादला होता. तो गावी येताना माझ्यासाठी रद्दीतली इंग्रजी मासिकं आणायचा. त्यातल्या एकात ते छायाचित्र होतं. एक मोठी खोली, तिच्या तीन भिंतींना लावून उभी केलेली उंच काळी कपाटं, कपाटांवर नुसत्या खुंट्या, भोकं आणि लोंबणाऱ्या वायरी. चाळीस कपाटं मिळून एकच यंत्र. अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक, एनिॲक. त्यात अठरा हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह होते. आमच्या पंचायतीच्या जुन्या रेडिओत व्हॉल्व्ह पाच, आणि ते तापून आवाज यायला मिनिटभर लागायचं. पोरांना मी तसंच समजावलं. ती तोंडं उघडी टाकून बघत राहिली.

छायाचित्रात दोन बायाही होत्या. एक हातात वायर घेऊन वाकलेली, दुसरी खुंटीला हात लावून उभी. खाली यंत्राचं नाव होतं, वजन होतं, लांबी-रुंदी होती. बायांची नावं नव्हती. गणिताचे मास्तर म्हणाले, फोटो चांगला यावा म्हणून उभ्या केल्या असतील. मला ते पटलं नाही. नुसतं उभं राहायला आलेली बाई कॅमेऱ्याकडं बघते. या दोघी आपल्या कामाकडं बघत होत्या. मला तेव्हाच संशय आला, की हे यंत्र चालवणाऱ्या याच असणार आणि कुणीतरी मुद्दाम त्यांची नावं गाळली आहेत.

मी ठरवलं, हेच करायचं. चाललं नाही तरी चालेल, पण मापात करायचं, हुबेहूब. फुटाला इंच. म्हणजे खरं यंत्र जिथं एक फूट, तिथं आपलं एक इंच. आठ फुटी कपाट आठ इंचाचं, दोन फूट रुंदी दोन इंचाची, तीन फूट खोली तीन इंचाची. अशी चाळीस, नालाच्या आकारात, दोन बाजूंना सोळा-सोळा आणि मागं आठ. प्रदर्शनात टेबल मिळणार होतं तीन फूट लांब-रुंद. मी हिशेब केला, आपलं यंत्र पस्तीस इंचांत बसत होतं. एक इंच शिल्लक. आणि समोर त्या दोन बाया, सव्वापाच इंचाच्या.

बाया पोरी करणार होत्या चिंध्यांच्या. खुंट्यांना मोहरी, वायरींना काळा दोरा मेण लावून. चाळीस पोकळ पेट्या मात्र पोरांच्या हातच्या नव्हत्या. त्याला सुतारच पाहिजे होता, आणि गावात सुतार एकच. लाकूड न्हाई म्हणणारा.

आता तो पन्नाशीला टेकला होता. बाप गेला होता, दुकान त्याचं होतं. गाव त्याला अण्णा म्हणायचं, मीही म्हणायची, पण जपून. मी मासिकातली मापं एका कागदावर उतरवली, चित्र काढलं, वर मोठ्या अक्षरात 'फुटाला इंच' लिहिलं आणि कागद घेऊन दुकानी गेले. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"बाई, आत या की. कामून उनात थांबलाव?"

"इथंच बरं हाय, अण्णा."

माझा बाप जिथं चार पावलं मागं सरायचा, तिथं मी आपल्या मर्जीनं उभी होते. त्याला ते दिसावं, असं मला वाटत होतं. शिवाय आता हा एवढ्या अगत्यानं आत बोलावतो आहे, म्हणजे नक्की काय मनात आहे, हेही होतंच. त्यानं कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला. चहाच्या खोक्यांची प्लायवूड हाय, त्यात होईल म्हणाला. मग कागदावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "फुटाला इंच, हे समजलं. इंचाचं काय, बाई?"

मला वाटलं, हा माझी परीक्षा घेतो आहे. वाड्यातली पोर विज्ञान शिकवायला लागली, तिला कितपत येतं ते बघू या, अशा त्या चौकश्या मला नव्या नव्हत्या. मी म्हणाले, "कागदावर सगळं लिवलंय," आणि मागं न बघता निघून आले.

पंधरा दिवसांनी पेट्या आल्या. दसऱ्याची सुटी तोंडावर होती. पोरांनी त्या टोपल्यांतून शाळेत आणल्या आणि माझ्या विज्ञानाच्या खोलीत मांडल्या. खोली कसली, खताची पोती ठेवायची जागा. पेट्या सफाईनं केल्या होत्या, काटकोन अचूक, खिळ्याचं डोकं कुठं दिसत नव्हतं. उंची बरोबर आठ इंच. पण एका मुलीनं त्यांच्यापुढं आपली चिंधीची बाई उभी केली आणि म्हणाली, "बाई, ही कपाटं लई लठ्ठ झाल्यात."

मी पट्टी लावली. रुंदी तीन इंच. दुसरी बघितली, तीन. चाळीसच्या चाळीस तीन इंच. सोळा पेट्यांची एक ओळ चार फूट लांब व्हायला लागली. तीन फुटाच्या टेबलावर ती बसवायची कशी? आणि बसवली तरी फुटाला इंच म्हणून सांगायचं कुठल्या तोंडानं?

विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं त्या वेळी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: तीन इंच आले कुठून? माणूस आळसानं चुकला तर एक पेटी दोन, एक सव्वादोन, एक अडीच अशी चुकते. चाळीस पेट्या एकाच मापानं चुकतात तेव्हा त्यामागं काहीतरी नियम असतो. मला मात्र त्यात नियम दिसला नाही, कावा दिसला. एवढं सारखं चुकायचं म्हणजे मुद्दामच, असं मी म्हणाले. एक पेटी आणि एक चिंधीची बाई पिशवीत घातली आणि तरातरा सुताराच्या दुकानी गेले.

दुकानात गणिताचे मास्तर बसले होते, हातात चहाची बशी. ते दुपारचे रोज तिथंच असायचे. आणखी दोघे शेतकरी वखराच्या कामाला आले होते. मी उंबऱ्याबाहेरूनच पेटी पुढं केली.

"अण्णा, दोन इंच रुंदी पाहिजे होती. ही तीन हाय."

त्यानं घडीची पट्टी उघडून मापलं. "तीनच हाय. तीनच केलीया."

"तीन कामून केली?"

त्याचे ओठ तेवढे हलले, मनातल्या मनात काहीतरी मोजल्यासारखे. मी ते बघितलं आणि ओळखलं, थाप जुळवायलाय. त्याचा हात बंडीच्या खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. एवढ्यात गणिताच्या मास्तरांनी बशी खाली ठेवली. "अण्णा, कागद काढा की. बाईंनी काय लिवलंय ते बघू द्या जरा."

"कागद न्हाई," सुतार म्हणाला.

तोच आवाज. दोन शब्दांची तीच ठेवण. पंचवीस-सव्वीस वर्षं मागं गेले मी. उन्हात उभी होतेच, शेजारी अप्पा आणि त्यांच्या खांद्यावरची तिफण तेवढी नव्हती.

"तवा लाकूड न्हव्हतं, आता कागद न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. "आमच्या वेळेला तुमच्या दुकानात कधीच काही नसतंय. तुम्ही हे मुद्दाम केलंय. वाड्यातली बाई बीदरला जाऊ नये म्हणून केलंय."

मला वाटलं, आता हा चिडेल, शिव्या देईल, आणि मग माझंही तोंड मोकळं होईल. त्यानं पट्टीची घडी मिटली. मग मान खाली घालून म्हणाला, "माझंच चुकलं. पेट्या परत धाडा. करून देतो."

संध्याकाळच्या आत तो स्वतः हेडमास्तरांच्या घरी जाऊन आला. माप मी चुकवलं, बाईंचा काही दोष न्हाई, असं त्यानं सांगितलं. हेडमास्तरांनी ते मला सांगितलं तेव्हा मला आनंद झाला. पकडला गेला म्हणून कबूल करायलाय, असं मी म्हणाले.

पण दिवस कुठं होते? दोन दिवसांवर खंडेनवमी, तिसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी बीदर. पेट्या मिळाल्यावर त्यांना काळा रंग, मग मोहरी, दोरे, चाळीस पाट्यांवर बारीक अक्षरं. आणि खंडेनवमीला सुतार हत्याराला हात लावत नाही. त्या दिवशी करवत, रंधा, वाकस, पटाशी, सगळी धुऊन, तेल लावून, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा. हत्यारांचा तो विसाव्याचा दिवस. आमच्याकडचे कानडी लोक आयुधपूजा म्हणतात, पण नेम तोच. दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय हत्यार पाटावरून उठत नाही. आम्ही ही पूजा सोडून दिली होती, पण गावात वाढले होते, नेम मला ठाऊक होता. आणि म्हणूनच मला खात्री होती की आता हा खंडेनवमीचं निमित्त सांगणार. सण निघाला, बाई, काय करू, म्हणणार. म्हणजे माफीही मागून झाली आणि कामही बुडवून झालं.

त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी खंडेनवमीच्याच दिवशी सकाळी दुकानी गेले. दार अर्धं लोटलेलं होतं. आत पाटावर हत्यारं मांडली होती, तेलानं चकचकीत, कुंकवाची बोटं उमटलेली, झेंडूची फुलं. मी उंबऱ्याबाहेरून एकेक बघितलं. रंधा होता. वाकस होता. पटाश्या ओळीनं होत्या. मधली एक जागा मोकळी होती, तिथं फूल होतं पण हत्यार नव्हतं. आणि दुकानाच्या मागच्या अंगणातून करवतीचा आवाज येत होता.

मी वळसा घालून मागं गेले. तो जमिनीवर बसून पेटी पायाच्या अंगठ्यात धरून कापत होता. करवतीच्या पात्यावर कुंकू होतं, भुशात ते सांडत होतं. त्याची बायको दाराच्या आड तोंड फिरवून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं बघितलं, पण काम थांबवलं नाही.

"उद्या दुपारी पोरं धाडा, बाई. पाट्या बी दोनाच्या कापून ठिवतो. आन् खालची मोठी फळीबी करून देतो, पेट्या हलणार न्हाईत."

मी बरं म्हणाले आणि परत आले. आभार मानले नाहीत. वाटेत मी स्वतःला समजावलं, की मन खात असल्याशिवाय कुणी असा वर्षाचा नेम मोडत नाही. म्हणजे त्याचा चांगुलपणासुद्धा मी पुराव्यात जमा केला. संशयाचं हे असं असतं. त्याला काहीही दिलं तरी तो पोटात घालतो.

बीदरला आमचा नंबर दुसरा आला. परीक्षकांनी कानडीत विचारलं, या दोन बाहुल्या कशाला? पोरीनं कानडीतच उत्तर दिलं, यंत्र किती मोठं होतं ते माणसाशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि यंत्र याच चालवत होत्या. शेवटचं वाक्य तिला मी पढवलेलं, तेव्हा निव्वळ संशयावर. पुढं कधीतरी ते खरं निघाल्याचं मी वाचलं. तेवढा एक संशय कामी आला.

विज्ञान माझ्याकडं राहिलं. गणिताच्या मास्तरांनी अभिनंदन केलं, त्यातही मला काहीतरी वास आला.

सुताराचं मात्र नाव झालं, भलत्याच अर्थानं. कुणी दाराची चौकट सांगायला आलं की हसून म्हणायचं, "अण्णा, माप दोनदा घ्या. बाईच्या कपाटावाणी करू नका." चाळीस पेट्या चुकवलेला सुतार. लग्नाच्या मांडवात, पारावर, एसटीच्या थांब्यावर ही गंमत चालायची. औरादकडची कामं यायची ती कमी झाली, असंही कानावर आलं. माझ्यासमोर कुणी हे बोललं की मीही हसायची. एकदा तो स्वतः तिथं असताना हसले. तो आपला विडी ओढत राहिला.

सहा वर्षं गेली. नमुना विज्ञानाच्या खोलीत कपाटावर होता. त्या वर्षी छपराची कौलं सरकली आणि पावसाचं पाणी थेट त्याच्यावर गळलं. पेट्या फुगल्या, मोहरीला बुरशी आली. जे वाचेल ते वाचवू म्हणून मी तो टेबलावर उलटा केला. खालच्या फळीला सुतारानं तपकिरी कागद डकवला होता. तो भिजून सुटला होता. एका टोकाला धरून ओढला तर आख्खा निघून आला, आणि त्याच्या खाली आणखी एक कागद निघाला.

माझा कागद. वर माझ्या अक्षरात 'फुटाला इंच'. खाली उंची: ८ फूट. खोली: ३ फूट. आणि रुंदी: २४ इंच.

मासिकात तसं होतं, मी तसंच उतरवलं होतं. दोन फूट म्हणजे चोवीस इंच, हे मला इतकं उघड होतं की लिहिताना काही वाटलं नाही. सुताराच्या पट्टीवर इंचाचे आठ सूत असतात. फुटाच्या खाली इंच, इंचाच्या खाली सूत. फुटाचा इंच करायचा तर इंचाचा सूत करायचा, हातात पट्टी धरणारा कुठलाही माणूस हेच करेल. चोवीस इंचाचे चोवीस सूत. चोवीस सुताचे तीन इंच. माझ्या आकड्याशेजारी त्याच्या जाड पेन्सिलीनं हे सगळं लिहिलेलं होतं. मग त्या तीनावर काट मारून, अगदी खाली, दोन लिहिलं होतं.

म्हणजे मी रस्त्यावर उभी राहून ओरडत होते तेव्हा कागद होता. बंडीच्या खिशात होता. त्यावर हात ठेवून तो कागद न्हाई म्हणाला होता. इंचाचं काय, बाई? त्यानं मला विचारलंही होतं.

मला माझी लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याचा रागही आला. मग शेवटचा एक संशय आला तो असा: हा कागद त्यानं लपवला, की फळीला खालून कागद लागतोच म्हणून हाताला आला तो डकवला? हा प्रश्न घेऊन मी घरी बसले असते तर जन्मभर बसले असते. मी ती फळी काखेत घेतली आणि निघाले.

दुकान बहुतेक बंदच असायचं. त्याचा मुलगा बीदरजवळच्या कोळार वसाहतीतल्या एका कारखान्यात खोकी ठोकायला लागला होता. अण्णा एकटा आत बाकावर बसला होता. मोतीबिंदूनं डोळे जवळजवळ गेले होते. पावलांवरून त्यानं ओळखलं. मी बाहेरूनच फळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटी केली आणि कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"सुटला व्हय."

"अण्णा, त्या दिवशी हा खिशात होता."

"व्हता."

"मग न्हाई कामून म्हणालाव?"

"मास्तर टपून बसला व्हता की. त्यानं तुमचं अक्षर बघितलं असतं, तर तुमचं विज्ञान तिथंच गेलं असतं." त्यानं कागदाची सुटलेली कड अंगठ्यानं दाबली. "माझं काय, सुताराचं माप चुकतंय कधीमधी."

सबंध वाटेत मी माफीचे शब्द जुळवत आले होते. ते तोंडाशी आले तेवढ्यात तोच परत बोलला.

"बाई, तवा लाकूड बी व्हतं."

अप्पांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. मला मिळालं, आणि तेही त्या माणसाला मी सहा वर्षं गावात हसू दिल्यानंतर. राग कुठं ठेवावा आणि माफी कुठून काढावी, हे मला त्या वेळी कळलं नाही, अजूनही नीटसं कळत नाही.

"ठाऊक हाय," मी म्हणाले. "म्या बघितलं व्हतं."

त्यानं मान हलवली. फळी मांडीवर तशीच होती. मग त्यानं चाचपत भिंतीवरची घडीची पट्टी काढली, उघडली आणि माझ्या दिशेनं धरली.

"आता तरी सांगा. फुटाला इंच, तर मग इंचाचं काय?"

मी उंबरा ओलांडून आत गेले, त्याच्या शेजारी बाकावर बसले, त्याचं बोट पट्टीवर ठेवलं आणि इंचाचे बारा भाग कसे करायचे ते सांगायला लागले.